दाराची मूठ फिरवणारी झॉम्बी

स्पॉयलर-सूचना: 'द वॉकिंग डेड' संपून काही वर्षं झाली, तरी तुमची बघायची राहिली असेल तर पुढचं जपून वाचा. कोण मेलं, कोण वाचलं, सगळं इथे लिहिलेलं आहे.

२६ ऑक्टोबर २०१५, सोमवार. आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला 'द वॉकिंग डेड' लागायची, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असायचे. दुपारपर्यंत कुणीतरी एपिसोड हॉस्टेलच्या लॅनवर टाकलेला असायचा. मग रात्री मेसमधून आल्यावर आमच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर सात-आठ जण, दोन कॉटवर आणि उरलेले जमिनीवर.

त्या रात्री ग्लेन मेला. निदान आम्हाला तसं दिसलं. ग्लेन हा पहिल्या सीझनपासूनचा भिडू. जग बुडायच्या आधी पिझ्झा पोचवणारा, गल्लीबोळ पाठ असलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा. तो आणि निकोलस एका गल्लीत कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी डब्यावर चढलेले, चारी बाजूंनी मुडद्यांचा समुद्र. निकोलस त्याला धन्यवाद म्हणतो आणि स्वतःच्या डोक्यात गोळी घालतो. त्याच्या धक्क्याने दोघंही खाली कोसळतात. मग कॅमेरा ग्लेनच्या चेहऱ्यावर. तो किंचाळतोय आणि मुडदे कुणाची तरी आतडी ओढून काढतायत.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग रूममेट उठला, व्हिडिओ मागे नेला आणि पॉज केला. म्हणाला, "आतडी कुठून निघतायत बघ. इतकी वर, छातीपाशी असतात का? ही ग्लेनची नाहीत. निकोलस त्याच्या अंगावर पडलाय. ग्लेन डब्याखाली सरकणार."

या रूममेटकडे एक एक्सेल फाइल होती. सीझन, एपिसोड, मिनिट, चूक आणि शेवटचा कॉलम 'संभाव्य खुलासा'. पहिल्या ओळीत पहिल्याच एपिसोडची नोंद होती: मॉर्गनची मेलेली बायको रात्री घरापाशी येते आणि दाराची मूठ फिरवून बघते. पुढे अनेक सीझन मुडद्यांना साधं दार उघडता येत नाही, मग हिला ते कसं सुचलं? खुलाशाचा कॉलम रिकामा होता.

तेव्हा वाटायचं की हा आमच्या खोलीचा वेडेपणा आहे. नंतर कळलं की जगभर लाखो लोक त्याच रात्री तीच फ्रेम पॉज करून तेच आतड्यांचं गणित मांडत होते. आणि या वेडेपणाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

वॉटसनची जखम

१८८७ साली आर्थर कॉनन डॉयलची पहिली शेरलॉक होम्स कादंबरी आली. त्यात डॉक्टर वॉटसनला अफगाण युद्धात खांद्याला गोळी लागलेली आहे. १८९० साली दुसरी कादंबरी आली, तिच्यात जखम पायाला. वॉटसनचं नाव जॉन, पण १८९१च्या एका कथेत त्याची स्वतःची बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते.

कारण उघड आहे. डॉयल भराभर लिहायचा, मागचं उघडून तपासायचा नाही. आपण एखाद्या सामान्य पुस्तकात हे वाचलं असतं तर 'लेखकाची चूक' म्हणून पुढे गेलो असतो. होम्सच्या वाचकांना ते जमेना. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुणाने होम्सकथांवर एक निबंध वाचला. बायबलचे विद्वान जुन्या हस्तलिखितांतल्या विसंगती ज्या पद्धतीने तपासत, त्याच पद्धतीने त्याने होम्सकथांतल्या विसंगती तपासल्या. होता तो विनोदच, पण चेहरा अगदी गंभीर. होम्स धबधब्यातून परत आल्यानंतरच्या कथा वॉटसनने मनाने रचल्या असाव्यात, इथपर्यंत त्याने मजल मारली. डॉयलने त्याला पत्र लिहून कळवलं की या विषयातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

या मंडळींनी खेळाचा एक नियम पक्का केला: लेखक नाहीच असं समजायचं. वॉटसन खरा, होम्स खरा, त्यामुळे विसंगती ही चूक असू शकत नाही. तिला कथेच्या आतूनच कारण सापडलं पाहिजे. १९४०च्या दशकात डोरोथी सेयर्स या रहस्यकथाकार बाईंनी 'जेम्स'चा प्रश्न असाच सोडवला. वॉटसनच्या पूर्ण नावात मधे 'एच' आहे. तो 'एच' म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको लाडाने मधल्या नावाचं इंग्रजी करून हाक मारत होती!

हा खुलासा इतका चपखल बसला की २०१२ साली बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत वॉटसनच स्वतःचं पूर्ण नाव सांगतो, जॉन हॅमिश वॉटसन. डॉयलने घाईत केलेली चूक, त्यावर एका वाचकाने लढवलेली थिअरी, आणि शेवटी तीच थिअरी कथेचा भाग. या प्रवासाला सव्वाशे वर्षांच्या आसपास लागली.

आणि ग्लेनचं म्हणाल, तर तेही आधी होम्सचंच झालं होतं. १८९३ साली डॉयलने होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात मारलं, पण प्रेत कुणाला दिसलं नव्हतं. वाचकांनी दहा वर्षं पिच्छा पुरवला. १९०३ साली होम्स परत आला आणि खुलासा मिळाला की तो पडलाच नव्हता.

पॉजचं बटण

वाचकाच्या हातात पुस्तक असतं, पान उलटून मागे जाता येतं. टीव्हीच्या प्रेक्षकाला हे सुख उशिरा मिळालं. घरोघरी व्हीसीआर आले आणि दृश्य थांबवून बघता येऊ लागलं. १९९० साली 'ट्विन पीक्स' सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठांतले आणि टेक कंपन्यांतले लोक युजनेट नावाच्या जुन्या संदेश-जाळ्यावर जमले. टेप मागे-पुढे करून लॉरा पामरला कुणी मारलं याचे पुरावे गोळा करू लागले. 'स्टार ट्रेक'च्या चुका शोधण्याचा छंद तर इतका वाढला की १९९३ साली फिल फॅरंडने त्याचं जाडजूड पुस्तकच काढलं.

आता फॅन आणि लेखक एकमेकांच्या फार जवळ आले होते आणि त्याची अडचणही व्हायला लागली. 'बॅबिलॉन ५'चा लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की स्वतः युजनेटवर चाहत्यांशी गप्पा मारायचा. एकदा एका चाहत्याने सहज एक कल्पना लिहिली. नेमकी तशीच कथा स्ट्रॅझिन्स्कीच्या डोक्यात आधीपासून होती. उद्या कुणी चोरीचा आरोप केला तर? त्याने ती कथा बाजूला ठेवली आणि त्या चाहत्याने लेखी संमती दिल्यावरच एपिसोड केला.

मुडद्यांचे नियम

थिअरी लढवायला गोष्टीला नियम लागतात. या बाबतीत झॉम्बीची गोष्ट आदर्श आहे, कारण तिच्यात नियमांशिवाय फारसं काही नसतंच. मेलेला उठतो. तो माणसाचं मांस खातो. मेंदू फोडला तरच पुन्हा मरतो. हे नियम जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमाने रूढ केले.

ते इतके पसरले त्याला कारण, पुन्हा, एक चूक. सिनेमाचं नाव आधी वेगळं होतं. वितरकाने ते बदललं आणि नव्या शीर्षकपट्टीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरोचा तोटा झाला, पण त्याचे मुडदे कुणालाही वापरायला मोकळे झाले.

रॉबर्ट कर्कमनने ऑक्टोबर २००३मध्ये 'द वॉकिंग डेड' कॉमिक सुरू केलं, ते याच परंपरेत. फ्रँक डॅराबाँटने त्याची मालिका केली. ती ३१ ऑक्टोबर २०१०ला एएमसी वाहिनीवर सुरू झाली आणि अकरा सीझन, १७७ एपिसोड चालून २०२२मध्ये संपली.

पहिल्या सीझनच्या शेवटी डॉक्टर जेनर रिकच्या कानात काहीतरी कुजबुजतो. आपल्याला ऐकू येत नाही. डिसेंबर २०१० ते मार्च २०१२, सव्वा वर्ष चाहत्यांनी त्या कुजबुजीवर डोकं लढवलं. कुणी म्हणालं, रिकची बायको लोरी गरोदर आहे हे सांगितलं असेल. कुणी म्हणालं, लागण सगळ्यांनाच झाली आहे, चावा लागो न लागो. हे दुसरे लोक रोमेरो नीट बघितलेले होते, कारण त्याच्या सिनेमातही नुसता मेलेला माणूस उठतो.

दुसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी खुणा पेरल्या. रिक आणि शेनला दोन मेलेले सुरक्षारक्षक दिसतात, अंगावर चाव्याची खूण नाही. मग रँडल चावा नसताना उठतो. मग शेन. आणि सीझनच्या शेवटी रिक सांगून टाकतो की जेनर म्हणाला होता, आपण सगळेच संसर्ग झालेले आहोत.

ज्यांची थिअरी खरी ठरली ते नाचले. ज्यांची चुकली ते मागे जाऊन बघू लागले, आणि सगळ्या खुणा तिथेच होत्या. त्यामुळे त्यांचीही तक्रार नव्हती. परीक्षेत पेपर अवघड असला तरी चालतो, सिलॅबसमधला असावा एवढंच मुलांचं म्हणणं असतं.

पेट्रोल, गवत आणि कार्लची उंची

मग चुकांकडे येऊ. एक्सेलमध्ये त्या शेकड्याने होत्या.

सर्वांत प्रसिद्ध, पेट्रोल. पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागतं. त्यातले हलके घटक उडून जातात, हवेशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. मालिकेत मात्र लोक वर्षानुवर्षं उभ्या गाड्या चालू करून निघतात. दुसरी, गवत. जग बुडालंय आणि रस्त्याकडेचं गवत कापलेलं. कापतंय कोण? तिसरी, हवा. सीझनमागून सीझन सगळे घामाने निथळतायत, हिवाळा दिसतच नाही. आणि चौथी, कार्ल. चँडलर रिग्ज हा नट पहिल्या सीझनच्या वेळी अकरा वर्षांचा होता. तो खऱ्या वर्षांनी वाढत होता आणि कथा जेमतेम आठवड्यांनी पुढे सरकत होती. काही दिवसांत पोराचा आवाज फुटला!

या चुकांमागची कारणं साधी आहेत. शूटिंग जॉर्जिया राज्यात, सेनोया या खऱ्याखुऱ्या गावात चालायचं. गावातले लोक आपापल्या अंगणातलं गवत कापायचे. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू करायचा म्हणून बरंचसं काम उन्हाळ्यात उरकायचं, त्यामुळे पडद्यावरही कायम उन्हाळा.

पण चाहत्यांनी नॉक्सचाच नियम पाळला. लेखकाला दोष द्यायच्या आधी कथेच्या आत कारण शोधायचं. त्यासाठी कालरेषा हवी. जेनर एका एपिसोडमध्ये कॅमेऱ्यासमोर नोंद करतो की रोग जगभर पसरून ६३ दिवस झाले. हा एक आकडा म्हणजे खुंटी. तिला धरून लोकांनी मागे मोजलं तर रिक कोमात कित्येक आठवडे होता. पाण्याशिवाय माणूस काही दिवस जगतो, मग हा जगला कसा? उशाच्या फुलदाणीतली वाळलेली फुलं, सलाईन, दाढीची लांबी, सगळं तपासलं गेलं. एखादी नर्स शेवटपर्यंत थांबून त्याची काळजी घेत राहिली असेल, ही थिअरी मला आजही आवडते. तिचं नाव नाही, चेहरा नाही, मालिकेत ती कुठेच नाही. एका चुकीला अर्थ द्यायचा म्हणून प्रेक्षकांनी एक चांगलं माणूस तयार केलं.

पुढे लोरीचं गरोदरपण हेच कॅलेंडर झालं. त्यावरून हिशेब निघाला की पहिल्या आठ सीझनमध्ये कथेतली जेमतेम दोन वर्षं गेली आहेत. म्हणजे पेट्रोलची तक्रार वाटते तेवढी मोठी नाही आणि कार्लची वाटते त्याहून मोठी आहे.

मालिकेनेही कान उघडे ठेवले होते. नवव्या सीझनमध्ये कथा दीड वर्षाने पुढे उडी मारते आणि पडद्यावर येतात घोडे, छकडे, मक्यापासून इंधन काढायची खटपट. त्याच सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, मार्च २०१९मध्ये, मालिकेत पहिल्यांदा बर्फ पडला.

डब्याखाली

आता परत ग्लेनकडे.

रूममेटचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. चार आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरच्या एपिसोडमध्ये ग्लेन निकोलसच्या प्रेताखालून निसटून डब्याखाली सरकताना दिसला. आम्ही त्याला उचलून घेऊन कॉरिडॉरमध्ये मिरवणूक काढायला हवी होती. पण तो गप्प बसला होता. म्हणाला, "यांनी फसवलं यार."

मला तेव्हा कळलं नाही. बरोबर ओळखलं की, मग फसवलं कसं?

मधल्या आठवड्यांत काय झालं ते बघा. ग्लेनचं काम करणाऱ्या स्टीव्हन यूनचं नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून काढलं गेलं. एपिसोडनंतरच्या गप्पांच्या कार्यक्रमात मात्र दरवेळी होणारी श्रद्धांजली त्याला दिली नाही. म्हणजे कोडं कथेच्या आत राहिलंच नव्हतं. कॅमेऱ्याचा कोन, श्रेयनामावली, प्रसिद्धीपत्रक, सगळं मिळून चाहत्यांना हूल देत होतं. जेनरच्या वेळी लेखकांनी माहिती लपवली आणि खुणा ठेवल्या. इथे खोटं दृश्य दाखवलं आणि ते ओळखणाऱ्या लोकांनाच चकवायचा डाव मांडला.

पुढच्याच एप्रिलमध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. सहाव्या सीझनच्या शेवटी नेगन काटेरी तार गुंडाळलेली बॅट घेऊन सगळ्यांसमोरून फिरतो, एकाला निवडतो, बॅट उचलतो. आणि कॅमेरा त्या बळीच्या डोळ्यांतून. कोण मेलं ते ऑक्टोबरमध्ये. साडेसहा महिने लोकांनी त्या शेवटच्या मिनिटाची चिरफाड केली. कोण कुठल्या क्रमाने बसलंय, नेगनची नजर कुठे जाते, हे सगळं मोजलं. गुपित फुटू नये म्हणून निर्मात्यांनी अनेक पात्रांच्या मृत्यूची दृश्यं चित्रित करून ठेवली. जून २०१६मध्ये वाहिनीने 'द स्पॉयलिंग डेड फॅन्स' या चाहत्यांच्या गटाला, बळी कोण ते जाहीर केलंत तर खटला भरू, अशी कायदेशीर नोटीस पाठवली. नॉक्सला डॉयलचं कौतुकाचं पत्र आलं होतं. शंभर वर्षांनी त्याच्या वारसांना वकिलांचं आलं.

२३ ऑक्टोबर २०१६ला उत्तर मिळालं. आधी अब्राहम, आणि मग ग्लेन. कॉमिकच्या २०१२च्या शंभराव्या अंकात ग्लेनच मेला होता, तसाच. त्या रात्री अमेरिकेत १ कोटी ७० लाख लोक बघत होते. पुढच्या आठवड्यात सुमारे १ कोटी २५ लाख. दीड वर्षाने आठवा सीझन संपला तेव्हा आकडा ८० लाखांच्या खाली होता. घसरणीला इतरही कारणं होती. केबल टीव्हीच उतरणीला लागला होता, आणि तो एपिसोड अनेकांना नुसता क्रूर वाटला. पण आमच्या खोलीपुरतं मी सांगू शकतो. रूममेटने एक्सेल उघडणं बंद केलं. पुढे सातव्या सीझनमध्ये एक संगणकावर बनवलेलं हरीण आलं. इतकं खोटं की जगभर त्याची टिंगल झाली. मी उत्साहाने त्याला सांगितलं, ही नोंद करून ठेव. तो म्हणाला, "तूच कर. मी बघत नाही आता."

खुलाशाचा कॉलम

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या एका प्रॉडक्टचे एक वापरकर्ते होते, लहानशा कंपनीतले अकाउंट्स सांभाळणारे काका. दर आठवड्याला मेल यायचा. इथे बेरीज एका पैशाने चुकते, तिथे तारीख उलटी येते. वर स्वतःचा अंदाजही असायचा, "बहुधा तुम्ही राउंडिंग आधी करताय." आम्ही वैतागायचो. एकदा महिनाभर मेल आला नाही. कुणीतरी म्हणालं, सुटलो. मग कळलं की त्यांनी सॉफ्टवेअरच बदललं होतं.

तेव्हा मला रूममेटचं 'फसवलं' कळलं. चूक शोधणारा आणि थिअरी लढवणारा हा एकच माणूस असतो. बनवणाऱ्याने विचार करून बनवलंय, यावर त्याचा बनवणाऱ्यापेक्षाही जास्त विश्वास असतो. त्या विश्वासाच्या जोरावर तो ६३ दिवसांचं गणित मांडतो, न दिसलेली नर्स शोधतो, जेम्सचा हॅमिश करतो. चुकांनी तो तुटत नाही. चुका तर त्याचा खुराक आहेत. तो नीट लक्ष देऊन बघतोय हे ओळखून त्यालाच गंडवायला घेतलं, की तो शांतपणे उठून जातो.

मी मात्र बघत राहिलो, थोडं सवयीने. ऑक्टोबर २०२२मध्ये, अकराव्या सीझनचे शेवटचे एपिसोड चालू असताना, एक मुडदा भिंतीवर चढला. दुसऱ्याने दार उघडलं. आणि ॲरन म्हणाला की असे मुडदे असतात अशा गोष्टी त्याच्या कानावर आल्या होत्या, पण त्याचा कधी विश्वास बसला नव्हता. वेगळ्या जातीचे मुडदे. भिंती चढणारे, दगड उचलणारे, दाराची मूठ फिरवणारे.

डॅराबाँटच्या पहिल्या सीझनमधले मुडदे हे सगळं करायचे, कारण रोमेरोचे करायचे. १९६८च्या सिनेमातला पहिलाच मुडदा दगडाने गाडीची काच फोडतो. डॅराबाँट दुसऱ्या सीझनच्या काळात मालिकेतून गेला आणि मुडदे मठ्ठ झाले. अकरा वर्षं ती विसंगती चाहत्यांच्या याद्यांमध्ये पडून होती. आता कुणीतरी ती उचलून कथेत बसवली होती.

मी रूममेटला मेसेज टाकला. तो आता दुसऱ्या शहरात असतो. सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे आमचं फारसं बोलणं उरलेलं नाही. "मॉर्गनच्या बायकोचा खुलासा आला," एवढंच लिहिलं.

तासाभराने त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. सात वर्षांपूर्वीची तीच एक्सेल फाइल, पहिली ओळ, शेवटचा कॉलम. त्याने तो भरला होता. खाली विचारलं होतं, "कितवा एपिसोड? बघतो आज रात्री."